ओटा, मोरी आणि उतार: जुन्या सदनिकांतील ओल्या जागांचे नियोजन

महाराष्ट्रातील शहरांत घराच्या नूतनीकरणाची जी कामे आज निघतात, त्यांतील बरीचशी १९६० ते १९९० या काळात उभ्या राहिलेल्या सहकारी गृहरचना संस्थांच्या सदनिकांमधली असतात. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम यांच्या आधाराने पगारदार माणूस चाळ किंवा वाडा सोडून तीन-चार मजली इमारतीत, स्वतःच्या नावावरच्या घरात राहायला गेला. पुण्यात तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले आणि वस्ती पेठांबाहेर सरकण्याला त्यामुळे वेग आला. या इमारतींचे खांब आणि तुळया बहुधा अजून धड असतात, दिवाणखान्याचे आणि झोपण्याच्या खोल्यांचे काम रंग, वायरिंग आणि फरशी यांवर भागते; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मात्र उकलूनच काढावे लागते, कारण भिंतीत दडलेले जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात, बिडाच्या पाईपांचे सांधे पाझरू लागलेले असतात आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला आलेल्या ओलीचे डाग दाखवून झालेले असतात. ज्या खोल्यांत पाणी आणले जाते, सांडते आणि बाहेर नेले जाते त्यांना या व्यवसायात ‘ओल्या जागा’ म्हणतात, आणि कोरड्या खोल्यांच्या नियोजनात चालून जाणारे बरेचसे आडाखे तेथे निकामी ठरतात.

कामाच्या पहिल्या बैठकीत कुटुंब जो प्रश्न घेऊन येते तो बहुतेक वेळा टाइल्सचा, ग्रॅनाइटच्या रंगाचा किंवा ट्रॉल्यांच्या दारांचा असतो. हे स्वाभाविक आहे, कारण दुकानात मांडलेले तेवढेच असते. परंतु अनेक घरांची कामे जवळून पाहिल्यावर नियोजकाच्या ध्यानात असे येते की, कुटुंबाला ज्या क्रमाने या गोष्टींत रस वाटतो त्याच्या नेमक्या उलट क्रमाने त्यांचे निर्णय व्हावे लागतात. टाइल पाच वर्षांनी कंटाळा आला म्हणून बदलता येते, ट्रॉलीचे दार सुतार एका दुपारी बदलून जातो, पण कमोडचा पाईप कोणत्या बाजूने बाहेर पडतो, लादीखाली किती खोली मिळते आणि ओट्याची उंची कोणाच्या कोपराला धरून ठरली, हे एकदा सिमेंटखाली गेले की पुढची वीस-पंचवीस वर्षे घर त्याच्याशी जुळवून घेत राहते.

म्हणून आराखड्याची सुरुवात खोलीच्या आतून न करता खोलीच्या मागून करणे श्रेयस्कर ठरते. जुन्या इमारतीत न्हाणीघर, संडास आणि पुष्कळदा स्वयंपाकघरही एका उभ्या पोकळीला पाठ लावून असते. तिला सर्वजण डक्ट म्हणतात. या डक्टमधून दोन वेगळ्या जातींचे पाईप खाली उतरतात: एक, सुमारे चार इंच व्यासाचा, फक्त संडासाचा मैला वाहणारा, आणि दुसरा, आंघोळीचे, बेसिनचे व सिंकचे सांडपाणी वाहणारा. पहिला थेट तळमजल्यावरच्या चेंबरमध्ये जातो, दुसरा आधी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकडे वळण देऊन पाणी साठते ठेवलेल्या एका छोट्या कुंडीत पडतो, जेणेकरून गटारातील वायू उलट वर चढू नये. ही विभागणी ज्याला ठाऊक नाही असा कारागीर ‘जवळ पडतो’ म्हणून सिंकचा पाईप मैल्याच्या पाईपाला जोडून देतो, आणि काही आठवड्यांनी स्वयंपाकघरात येणाऱ्या वासाचे मूळ घरातील माणसे कचऱ्याच्या डब्यात शोधत बसतात. डक्टमध्ये उतरून, कोणता पाईप कोणाचा हे रंगाच्या खुणा करून निश्चित केल्याशिवाय कागदावर रेघ ओढण्यात अर्थ नसतो. डक्टमधली घाण पाहता हे काम कोणाला आवडत नाही, हेही खरे आहे.

दुसरी बांधलेली गोष्ट म्हणजे उतार. पाणी पंपाशिवाय वर चढत नाही, हे सर्वांना माहीत असूनही कमोड ‘जरा त्या भिंतीकडे’ सरकवण्याची इच्छा जवळजवळ प्रत्येक घरात व्यक्त होते. चार इंची मैल्याच्या पाईपाला दर चाळीस इंचांमागे साधारण एक इंच उतार द्यावा, असा प्रघात आहे. त्या हिशेबाने कमोड सहा फूट सरकवला तर पाईपाचे दुसरे टोक जवळजवळ दोन इंच खाली जाते, त्यात पाईपाची स्वतःची जाडी, वळणाचा तुकडा आणि वरच्या लादीचा थर मिळवला की एकूण खोली नऊ-दहा इंचांच्या घरात पोचते. न्हाणीघराचा स्लॅब बांधतानाच बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो आणि ती खोलगट जागा पाईप टाकून भरून काढलेली असते. याला सन्क म्हणतात. काही इमारतींत हा सन्क दीड फुटाचा असतो, काहींत जेमतेम आठ इंचांचा, आणि काहींत संडासाखाली आहे पण शेजारच्या मोरीखाली नाही. ही खोली मोजल्याशिवाय दिलेला शब्द पुढे एकाच मार्गाने पाळता येतो, तो म्हणजे न्हाणीघराची लादी बाहेरच्या लादीपेक्षा चार-सहा इंच उंच करणे, आणि तशी पायरी केलेली घरे पाहिली की तिथल्या वृद्धांनी दाराच्या चौकटीला धरून धरून पाडलेले काळे डागही दिसतात.

कमोडच्या खरेदीतही याच मोजमापाचा धागा येतो. ज्याचा मैला मागच्या भिंतीतून बाहेर पडतो त्या प्रकाराला पी ट्रॅप आणि ज्याचा जमिनीतून खाली जातो त्याला एस ट्रॅप म्हणतात. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर नऊ इंच, बारा इंच अशा ठरावीक मापांत येते. दुकानात सवलतीत मिळालेला कमोड आधी घरी येतो आणि मग त्याच्यासाठी लादी फोडली जाते, हा क्रम इतका नित्याचा आहे की अनुभवी प्लंबर मालकाला पहिल्याच भेटीत ‘बिल दाखवा, बदलून मिळेल का?’ असे विचारतो.

ओली जागा कोरड्या जागेवर नेण्याचा मोह हा याच गटातला. स्वतःच्या झोपण्याच्या खोलीचा एक कोपरा कापून तेथे नवे न्हाणीघर काढले, तर ते खालच्या घरातील माणसाच्या अंथरुणावर येते. म्हणून गृहरचना संस्था अशा बदलाला सहसा परवानगी देत नाहीत, आणि देऊही नये. संस्थांच्या उपविधींत सामायिक बाह्य पाईपांच्या गळतीची जबाबदारी संस्थेवर आणि सदनिकेतील संडास, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची जबाबदारी सभासदावर टाकलेली असते, त्यामुळे वरच्या मजल्यावरील हौसेचा खर्च शेवटी दोन घरांच्या भांडणात मोजावा लागतो. ज्या घरात न्हाणीघर जुन्या जागेवरच राहिले त्या घराचे काम सुटसुटीत होते. कल्पकतेला वाव भिंतींच्या आत शोधावा, डक्टशी भांडून नव्हे.

त्या काळच्या सदनिकांत संडास आणि मोरी बहुधा शेजारी-शेजारी पण वेगळ्या खोल्यांत असत, आणि मधली भिंत पाडून ‘मोठे बाथरूम’ करावे ही आजची सर्वांत लोकप्रिय मागणी आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने संडासासाठी किमान १.१ चौरस मीटर, न्हाणीघरासाठी १.८ चौरस मीटर आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर असे क्षेत्रफळ सांगितले आहे. म्हणजे एकत्रीकरणाने जागेची बचत नगण्य होते. खरा लाभ भिंतीच्या जाडीचा आणि दाराच्या फिरण्याचा होतो, शिवाय खोली मोकळी दिसते. तोटा मात्र सकाळी सात ते नऊ या वेळेत उघड होतो. आजी-आजोबा, नोकरी करणारे पती-पत्नी आणि शाळेत जाणारे मूल एवढी माणसे एकाच न्हाणीघरावर अवलंबून असतील, तर एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याला संडासाला जाता येणे ही सोय काचेच्या पडद्यापेक्षा आणि टांगत्या कमोडपेक्षा कितीतरी मोलाची ठरते. दुसरा संडास ज्या घरात नाही तेथे मधली भिंत पाडू नये, असे या कामात मुरलेली माणसे स्पष्ट सांगतात. ऐकणारे मात्र थोडे असतात, कारण मासिकातल्या छायाचित्रात रांग दिसत नाही.

आंघोळीची पद्धत विचारल्याशिवाय न्हाणीघराची मांडणी ठरवता येत नाही, आणि हा प्रश्न संकोचामुळे फारसा विचारला जात नाही. शॉवरखाली उभे राहून आंघोळ करणाऱ्याला तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते, पण बादली, तांब्या आणि बसायला स्टूल घेऊन आंघोळ करणाऱ्याला हात फिरवायला, बादली डावी-उजवीकडे ठेवायला आणि पाठ चोळायला अधिक रुंदी लागते. त्याच्यासाठी नळ जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, बादलीच्या काठावरून सहज वाकेल असा असावा लागतो, आणि तो शॉवरच्या नेमका खाली आला तर उठताना डोक्याला लागतो. पुष्कळ घरांत दोन्ही प्रकारची माणसे एकत्र राहतात. ओला भाग आणि कोरडा भाग वेगळे ठेवण्यासाठी काचेचा पडदा बसवण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ज्या वस्तीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड, क्षारयुक्त पाणी येते तेथे ही काच काही महिन्यांतच पांढुरकी होते आणि ती पुसण्याचे काम घरातील एका ठरावीक व्यक्तीच्या माथी येते. तीन-चार इंच उंचीचा ग्रॅनाइटचा कठडा किंवा नुसता लादीतला पाऊण इंचाचा फरक तेच काम कमी कौतुकात करतो.

लादीचा उतार हा पाईपाच्या उतारापेक्षा वेगळा; दर ऐंशी ते शंभर इंचांमागे एक इंच, म्हणजे चालताना जाणवू नये पण पाणी थबकू नये इतका. गवंडी आजही इंचाचे आठ भाग करून त्या प्रत्येकाला एक सूत म्हणतो, आणि ‘दोन सूत सोडा’ असे त्याने म्हटले की त्यात चार-पाच फुटांच्या मोरीचा निम्मा उतार आलेला असतो. हा उतार दाराकडून कोपऱ्यातील नहाणी ट्रॅपकडे जावा. नहाणी ट्रॅप म्हणजे जाळीखालचे ते वळण, ज्यात सुमारे दोन इंच पाणी कायम साचून गटाराचा वास आणि झुरळे अडवते. महिनाभर गावाला जाऊन परतलेल्या कुटुंबाला बंद घरात जो दर्प येतो तो हे पाणी उडून गेल्यामुळे येतो, आणि त्यावर उपाय तांब्याभर पाणी ओतणे एवढाच असतो. मोठ्या आकाराच्या टाइल्स आता आवडीने घेतल्या जातात, पण दोन फूट बाय चार फुटांची टाइल चारही बाजूंनी एका कोपऱ्याकडे झुकवता येत नाही. ती कापावी तरी लागते किंवा पाणी मध्ये उभे राहते. न्हाणीघराच्या जमिनीसाठी एक फूट बाय एक फूट खरखरीत टाइल जुनाट दिसली तरी योग्य, हे मत वारंवार मांडावे लागते.

जलरोधनाच्या पद्धती बदलत गेल्या आहेत. पूर्वी विटांचे तुकडे सिमेंटच्या गिलाव्यात बसवून ब्रिकबॅट कोबा करीत, आज त्याखाली-वर रासायनिक लेप देतात. कोणतीही पद्धत असली तरी लेप भिंतीवर किमान फूटभर, आणि आंघोळीच्या बाजूला त्याहून बराच वर, चढवावा लागतो, आणि स्लॅबमधून पाईप जेथे बाहेर पडतो तेथील फट वेगळी भरावी लागते, कारण बहुतेक गळती सपाट जागेतून न होता या सांध्यांतून होते. त्यानंतर ट्रॅप बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालच्या घराचे छत पाहायचे, ही चाचणी फरशी बसवण्याआधी झाली तरच उपयोगाची. ती टाळण्याची घाई कंत्राटदाराला असते तशी मालकालाही असते. खालच्या शेजाऱ्याला या चाचणीसाठी आधीच बोलावून त्याचे छत कोरडे असल्याचे त्याच्या डोळ्यांदेखत ठरवून घेतले, तर पुढची काही वर्षे जिन्यात भेटल्यावर दोघेही एकमेकांशी बोलत राहतात.

पाणी येण्याची बाजूही जाण्याच्या बाजूइतकीच विचारात घ्यावी लागते. टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी शॉवरपेक्षा फक्त तीन मीटर उंच असताना, दाब ०.३ बारच भरतो आणि छताला लावलेला रुंद ‘पावसाळी’ शॉवर ठिबकत राहतो. तेथे लहान पंप बसवणे किंवा साधा हातशॉवर घेणे हे दोनच प्रामाणिक पर्याय आहेत. गिझर आणि नळ यांतील अंतराचा हिशेबही सोपा आहे: अर्धा इंची पाईपात दर मीटरमागे सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते, त्यामुळे गिझर दहा मीटर दूर असेल तर गरम पाणी येईपर्यंत दर वेळी पावणेदोन लिटर थंड पाणी वाहून जाते, आणि दिवसातून ठरावीक तासच पाणी येणाऱ्या वस्तीत ते डोळ्यांना खुपते. अशा वस्तीत पिंप किंवा झाकणाची टाकी ठेवायला न्हाणीघरात जागा आखलीच पाहिजे. नूतनीकरणाच्या चित्रात पिंप कधीच नसते आणि राहायला गेल्यावर आठवड्याभरात ते दाराआड येऊन बसते. गॅसवर चालणारा गिझर मात्र न्हाणीघराच्या आत लावू नये, याबद्दल दुमत होऊ देऊ नये: बंद खोलीत अपुऱ्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि आंघोळ करणाऱ्याला सावध होण्याची संधीही मिळत नाही.

वार्धक्याची तरतूद करावी असे सुचवल्यावर पन्नाशीतले मालक किंचित दुखावतात. तरीही दाराची रुंदी जुन्या दोन फुटांवरून किमान अडीच फुटांवर नेणे, दार आत उघडण्याऐवजी बाहेर उघडेल किंवा सरकेल असे करणे, कमोड थोडा उंच घेणे आणि त्याच्या बाजूच्या भिंतीत पुढे केव्हातरी आधाराची दांडी लावता येईल अशी पक्की जागा राखणे, या गोष्टी काम चालू असताना जवळजवळ फुकट होतात. दार आत उघडणारे असेल आणि आत माणूस पडला असेल, तर तोच माणूस दाराला अडसर होतो. एवढे सांगितल्यावर आक्षेप सहसा मावळतो.

स्वयंपाकघराकडे वळताना एक ऐतिहासिक फरक लक्षात ठेवावा लागतो. उभ्याने काम करण्याच्या आखीव स्वयंपाकघराचा आधुनिक नमुना मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी तयार केला, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशी ती खोली पावले आणि हालचाली मोजून आखलेली होती. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या ‘कार्यत्रिकोणा’ची कल्पना मांडली गेली, ज्याच्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी असा संकेत रूढ झाला. मराठी घरात मात्र विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत चूल आणि स्टोव्ह जमिनीवर होते, चिरणे विळीवर बसून होई, जेवण पाटावर होई. गॅस आला तसा ओटा आला आणि एका पिढीच्या आत स्वयंपाक बसल्याचा उभा झाला. १९७० च्या आसपासच्या सदनिकांतील ओटा हा त्या संक्रमणातला आहे: कडप्प्याच्या उभ्या पट्ट्यांवर ठेवलेली दोन फूट रुंदीची सलग पाटी, एका टोकाला भांडी घासायची खोलगट मोरी, आणि मधली जमीन मोकळी, कारण जेवण आणि उन्हाळ्यातले पापड-कुरडया त्याच जमिनीवर होत.

कार्यत्रिकोण या खोलीत सरळ बसवता येत नाही. एक तर फ्रिज पुष्कळदा स्वयंपाकघराबाहेर असतो, आणि दुसरे म्हणजे फ्रिज हा इथल्या स्वयंपाकाचा तिसरा बिंदू नव्हेच. तो मान धान्य, पिठे आणि मसाले यांच्या डब्यांकडे जातो. नियोजकाने आकृतीऐवजी एका सकाळच्या पोळी-भाजीचा माग काढावा: कणीक कोठून निघते, कोठे मळली जाते, भाजी कोठे धुतली आणि चिरली जाते, पोळपाट कोठे ठेवला जातो, भाजलेली पोळी कोणत्या हाताने कोणत्या डब्यात पडते. पोळ्या लाटणे हे इथल्या ओट्यावरचे सर्वांत दीर्घ सलग काम आहे, आणि त्यासाठी शेगडीच्या लगत किमान दोन फूट अखंड, कोरडी जागा लागते; शेगडीला लागूनच सिंक आले की ही जागा नाहीशी होते आणि लाटणारी व्यक्ती लाटून झाल्यावर पोळी हातावर घेऊन दोन पावले चालत राहते. रोजच्या वीस पोळ्यांमागे ही दोन पावले काय होतात, याचा हिशेब श्युटे-लिहोत्स्कीबाईंना तत्काळ कळला असता.

ओट्याच्या उंचीबाबत बाजारातील तयार मापे फसवी आहेत. युरोपीय घडणीचे खालचे कपाट वरच्या पाटीसह सुमारे ३६ इंचांपर्यंत जाते. साधारण काम कोपराच्या चार-सहा इंच खाली सोयीचे पडते. पाच फूट उंचीच्या स्त्रीचा कोपर जमिनीपासून ३७-३८ इंचांवर येतो, तेव्हा तिच्यासाठी ओटा ३२ ते ३४ इंचांचा हवा, आणि लाटताना किंवा मळताना खांद्यातून जोर द्यायचा असल्याने त्यातही खालची बाजू बरी. सिंकचे उलट आहे: भांडे सिंकच्या तळाशी, म्हणजे ओट्यापेक्षा आठ-नऊ इंच खाली असते, म्हणून सिंकचा भाग दोन इंच उंच असला तर कंबर वाचते. दोन उंचींचा ओटा करायला ग्रॅनाइटवाला नाखूश असतो आणि सलग पाटीची शोभाही थोडी मोडते. तरी जेथे जेथे तो केला गेला तेथील गृहिणींनी नंतर त्याचे कौतुक केले, आणि ज्या पतींनी आधी विरोध केला होता त्यांना फरक जाणवायचे कारणच नव्हते. उंची ठरवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला जुन्या ओट्यासमोर उभे करून, पोळपाटाखाली वह्या किंवा फळ्या ठेवत-काढत पाहणे. बैठकीत बोलणारी आणि ओट्याशी उभी राहणारी माणसे पुष्कळदा वेगळी असतात, त्यामुळे ही दहा मिनिटे मुद्दाम मागून घ्यावी लागतात.

त्याहून अधिक दुर्लक्षित असते ती भांडी घासायला येणारी मावशी. तिच्याशी सिंकबद्दल कोणी बोलत नाही. दोन कुंड्यांचे सिंक परदेशी घरांतून आले. इथे त्यातल्या एकाही कुंडीत मोठी परात किंवा कढई आडवी बसत नाही, मग ती उभी धरून घासली जाते आणि पाणी ओट्यावरून खालच्या ट्रॉलीत उतरते. दोन फूट बाय दीड फुटाची, नऊ-दहा इंच खोल अशी एकच कुंडी आणि शेजारी निथळायला उतार दिलेली दीड फूट जागा हा त्यापेक्षा शहाणा संसार. जुनी खोलगट मोरी ‘गावठी’ म्हणून काढून टाकण्यापूर्वी मळकी चादर, पायपुसणी आणि श्रावणातल्या सत्यनारायणाची मोठी पातेली कोठे धुतली जाणार, हे विचारावे. बाल्कनीत एक खालचा नळ आणि ट्रॅप राखला तर मोरीचे निम्मे काम तेथे जाते.

गॅसच्या बाबतीत दोन वायूंचा स्वभाव भिन्न आहे. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत पसरतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोके हवेत, सिलिंडर उभाच ठेवावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच असावी. पाईपने येणारा वायू मुख्यतः मिथेन असल्याने हलका असतो आणि वर चढतो, त्यामुळे त्याला छताजवळची वाट लागते. पाईपचा गॅस बंद करण्याची चावी ट्रॉल्या बसवल्यावर त्यांच्या पाठीमागे हरवते, हा दोष नव्या स्वयंपाकघरांत इतका आढळतो की चावीसमोरचे खण उघडे ठेवण्याची अट सुताराला लिहूनच द्यावी. चिमणी शेगडीपासून दोन-अडीच फुटांवर आणि तिचा बाहेर जाणारा पाईप शक्य तितका सरळ असावा, कारण प्रत्येक वळण तिचा ओढा कमी करते. बटणांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मिक्सर, ओव्हन, पाणी शुद्ध करणारे यंत्र यांच्या जागा आधी मांडाव्यात, सॉकेट सिंकच्या आणि शेगडीच्या माथ्यावर घेऊ नयेत, आणि ठरलेल्या संख्येत आणखी दोन मिळवावेत.

ट्रॉल्यांसाठी प्लायवूड पाणी सोसणारे, म्हणजे सागरी वापरासाठीच्या आयएस ७१० मानकाचे घ्यावे, निदान सिंकखाली तरी. बाकी शोभेचा भाग ज्याच्या त्याच्या खिशावर आणि चवीवर सोडावा. वास्तुशास्त्राचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला हवे असे सांगितले जाते आणि डक्ट वायव्येला असतो, तेव्हा बहुतेक कुटुंबे स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला आले की समाधान मानतात, आणि शेगडी फूटभर फिरवून हे साधत असेल तर त्यावर वाद घालण्यात नियोजकाने वेळ दवडू नये. संडासाचा पाईप फिरवायला सांगितले तर मात्र उताराचे गणित कागदावर मांडून दाखवावे.

ज्या घरात माणसे राहत असतानाच काम चालते तेथे क्रमाला मांडणीइतकेच महत्त्व येते: एक संडास सतत चालू राहिला पाहिजे, तोडफोड आणि राबिट खाली नेणे संस्थेच्या ठरलेल्या वेळांत संपले पाहिजे, आणि प्लंबर, वायरमन, जलरोधन, गिलावा, टाइल, ओटा व शेवटी सुतार हा क्रम एखाद्याच्या सोयीसाठी उलटला जाऊ नये. गिलावा चढण्याआधी, भिंतींतले सगळे पाईप आणि वायरींच्या नळ्या उघड्या दिसत असताना, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मोजपट्टी उभी-आडवी धरून काढावे आणि कोपऱ्यापासूनची व जमिनीपासूनची अंतरे त्यावर लिहावीत. फोन बदलला की अशी छायाचित्रे हरवतात. म्हणून त्यांच्या छापील प्रती प्लास्टिकच्या आवरणात घालून सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवण्याची पद्धत काही मिस्त्री पाळतात, म्हणजे टॉवेलची दांडी लावायला आलेल्या सुताराला ड्रिल कोठे चालवू नये हे कोणाला न विचारता कळते.